गुरूचे नाव आणि गुरूची विद्या

मोठ्या माणसाचे स्मरण करण्याच्या दोन रीती आपल्या समाजात रूढ आहेत. एक, त्याच्या तसबिरीस हार घालणे. दुसरी, त्याने हाती घेतलेले काम पुढे चालविणे. पहिली रीत सोपी, दोनतीन दिवसांत आटोपणारी आणि पुष्कळ लोकांस एकदम दिसणारी. दुसरी कष्टाची, वर्षानुवर्षे चालणारी आणि सहसा कोणाच्या नजरेत न भरणारी. साहजिकच लोकांचा ओढा पहिलीकडे अधिक. ग्रंथकाराच्या बाबतीत एवढ्याने फारसे बिघडत नाही. तो गेला तरी त्याचा ग्रंथ मागे राहतो आणि आज ना उद्या कोणीतरी तो उघडून वाचतो. परंतु ज्याची सारी मिळकत स्वतःच्या व शिष्यांच्या कंठात साठविलेली असते, त्या संगीतशिक्षकास केवळ हार घालून मोकळे होणे म्हणजे त्याची विद्या त्याच्यामागोमाग चितेवर ठेवण्यासारखे आहे. आमचा आक्षेप ह्याच गोष्टीस आहे, आणि तो ठाणे शहराच्या निमित्ताने येथे मांडावयाचा आहे.

ठाण्याचेच निमित्त का, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की ह्या शहराच्या एका चौकात आमच्या म्हणण्याचे प्रत्यंतर उभे आहे. टेंभी नाका हे ठाण्यातील गजबजीचे ठिकाण. १९७८ सालापासून तेथील नवरात्रोत्सवाने एवढी ख्याती मिळविली आहे की त्या नऊ रात्री शहराचा निम्मा लोंढा त्या चौकाकडे वळतो. योगायोग असा की त्याच १९७८ साली तेथून पायी जाण्याच्या अंतरावर, मासुंदा तलावाच्या काठी, राम गणेश गडकरी रंगायतन उभे राहिले. देवीच्या उत्सवाशी आमचे भांडण नाही, आणि रंगायतनाविषयी तर आम्हांस अभिमानच आहे. ह्या परिसरास ध्वनीची वाण कधीच पडली नाही, आणि गाण्याचीही फारशी पडली नाही. वाण आहे ती गाणे शिकविणाऱ्याच्या आसनाची. टेंभी नाक्यावर उभ्या असलेल्या परगावच्या माणसाने रंगायतन कोठे म्हणून विचारले तर शाळकरी पोरही त्यास वाट दाखवील. परंतु पंडित राम मराठे ह्यांची गायकी ह्या शहरात नगराच्या खर्चाने कोठे शिकविली जाते, असे त्याने विचारले, तर जाणत्या ठाणेकरासही घुटमळावे लागेल आणि शेवटी तो कोणातरी शिक्षकाच्या घरगुती वर्गाचा पत्ता सांगून सुटका करून घेईल.

राम मराठे हे ठाण्याचे भूषण होते, हे कोणी नाकारीत नाही. त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२४ रोजी पुण्यात झाला; पुढे ते ठाण्यात स्थायिक झाले आणि ४ ऑक्टोबर १९८९ रोजी निवर्तले. महापालिकेतर्फे त्यांच्या नावाने संगीत समारोह भरविण्यात येतो, पुरस्कार देण्यात येतात, आणि दूरदूरचे कलावंत येऊन गातात. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु त्या समारोहात राम मराठे ह्यांची जी मूर्ती लोकांपुढे उभी केली जाते ती रंगभूमीवरच्या तडफदार गायकाची. जो संगीतकार होता, जो शिक्षक होता, आणि जो स्वतः एका शिक्षकपरंपरेचे फळ होता, तो राम मराठे त्या रोषणाईत दिसेनासा होतो. म्हणून ती परंपरा थोडी उलगडून दाखविणे आवश्यक आहे.

तिचा आरंभ आम्ही भास्करबुवा बखले ह्यांच्यापासून करतो. बडोदे संस्थानातील कठोर गावी १८६९ साली जन्मलेला हा मुलगा किर्लोस्कर मंडळीत बालनट म्हणून वाढला, आवाज फुटल्यावर नाटकाच्या कामास निरुपयोगी ठरला, आणि मग फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ व अल्लादिया खाँ अशा तीन थोर उस्तादांपुढे बसून त्याने विद्या संपादन केली. एवढी दौलत मिळाल्यावर एखादा दुसरा गवई संस्थानिकांच्या आश्रयास जाऊन सुखाने राहिला असता. भास्करबुवांनी धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षकाची नोकरी केली, आणि १९११ साली पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे, मास्तर कृष्णराव ही सारी त्यांचीच शिष्यमंडळी. १९१६ साली खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले, त्यातील पदांना चाली दिल्या त्या भास्करबुवांनी. १९२२ साली ते वारले तेव्हा त्यांचे वय अवघे बावन्न वर्षांचे होते.

ह्यांपैकी मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर हे दुसरे पिढीचे पुरुष. आळंदीस १८९८ साली जन्मलेल्या ह्या गायकाने गुरूप्रमाणेच नाटकांना संगीत दिले. ‘कुलवधू’ (१९४२) हे त्याचे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण. प्रभात कंपनीच्या चित्रपटांनाही त्यांनी संगीत दिले, आणि ‘रागसंग्रहा’ची पुस्तके लिहून बंदिशी विद्यार्थ्यांच्या हाती ठेवल्या. प्रभातच्या ‘गोपालकृष्ण’ (१९३८) आणि ‘माणूस’ (१९३९) ह्या दोन चित्रपटांत एका गोड गळ्याच्या पोराने भूमिका केल्या होत्या, आणि दोहोंचे संगीत मास्तरांचेच होते. तो पोरगा म्हणजे राम मराठे. पुढे ह्या पोराने मास्तरांपाशी तर तालीम घेतलीच, शिवाय ग्वाल्हेर घराण्याचे यशवंतबुवा मिराशी आणि आग्रा घराण्याचे जगन्नाथबुवा पुरोहित ह्यांच्याही पायाशी बसून विद्या मिळविली. १९६३ साली विद्याधर गोखले ह्यांचे ‘मंदारमाला’ रंगभूमीवर आले. त्यात मुख्य भूमिका राम मराठे ह्यांची आणि संगीतही त्यांचेच. १९६७ साली ‘मेघमल्हार’ आले, त्याचेही संगीत त्यांनीच दिले. संगीत नाटकाचा अंतकाळ आला म्हणून लोक हळहळत होते त्याच काळात ह्या माणसाने रागदारीच्या जोरावर नाट्यगृहे भरून दाखविली.

आता मुख्य मुद्दा. ह्या तिघांस आपण संगीतकार म्हणतो आणि शिक्षकही म्हणतो, जणू काय एकाच माणसाचे हे दोन वेगळाले धंदे होते. आमच्या मते आपल्या संगीतात हे दोन धंदे नव्हतच. एकाच कामाची ही दोन नावे आहेत. युरोपातला संगीतकार कागदावर स्वर मांडतो, आणि तो कागद दोनशे वर्षांनी उघडला तरी वाजविणारास त्यातून पुष्कळसे कळते. आपल्याकडे नाट्यपदाची चाल होते कशी ते पाहा. रचनाकाराच्या मनात एखाद्या ख्यालाच्या बंदिशीचा आराखडा असतो. त्या आराखड्यात कवीचे शब्द बसवायचे, कोणत्या अक्षरावर सम यावी ते ठरवायचे, रागाचे अंग तर सुटू द्यायचे नाही आणि प्रसंगही रेंगाळू द्यायचा नाही. एवढे झाल्यावरही चाल पुरी होत नाही. ती पुरी होते तालमीच्या खोलीत, ज्या नटाने ती गावयाची त्याच्या गळ्यावर. त्याचा षड्ज कोणता, त्याचा दम किती, त्याला कोणती हरकत पेलेल, कोठे त्यास मोकळे सोडावे आणि कोठे आवरावे, हे सर्व पाहून रचनाकार समोरासमोर बसून ती चाल शिकवितो. स्वरलिपीत उतरतो तो केवळ सांगाडा. म्हणजे शिकविल्यावाचून रचना अस्तित्वातच येत नाही. अशा संगीतात शिक्षक नाहीसा झाला की रचनाकारही नाहीसा होतो, आणि रचनाकार नाहीसा झाला की गायकाच्या वाट्यास जुन्याची उजळणी तेवढी उरते. नाट्यसंगीताच्या मैफलींत तीच ती पदे पुनःपुन्हा ऐकून कंटाळलेल्या रसिकांनी ह्या कार्यकारणाचा विचार करावा.

ह्याच संगीतशिक्षकांनी श्रोतेही घडविले, हे आपण विसरतो. ‘स्वयंवर’ पाहावयास जाणारा कारकून किंवा वकील काही कोणत्या उस्तादाचा शागीर्द नव्हता. परंतु भीमपलास आणि यमन ह्यांची ओळख त्यास नाटकाच्या तिकिटाच्या पैशांत झाली. घरी येऊन तो पद गुणगुणू लागे, बायको पेटीवर सूर शोधू लागे, आणि मुलांच्या कानांवर राग आपसूक पडत. हे शिक्षण फुकट झाले नाही. त्यामागे भास्करबुवांची वीसपंचवीस वर्षांची तालीम होती. आजच्या आपल्या मध्यमवर्गास जी काही गाण्याची समज आहे ती त्या ठेवीवरचे व्याज आहे, आणि ते व्याजही आता आटत चालले आहे.

ठाण्याच्या पलीकडे डोंबिवलीस पाहावे तर तेथेही हीच कथा. व्हायोलिनवादक आणि गायक पंडित गजाननबुवा जोशी (१९११ ते १९८७) ह्यांचे अखेरचे दिवस डोंबिवलीत गेले. वडील अनंत मनोहर जोशी ह्यांच्याकडून ग्वाल्हेरची तालीम, रामकृष्णबुवा वझे व भुर्जी खाँ ह्यांच्याकडून त्यांच्या त्यांच्या परंपरेची विद्या, असा हा बहुविध संग्रह होता. आणि तो त्यांनी शिष्यांस हात आखडता न घेता वाटला. उल्हास कशाळकर ह्यांना राम मराठे आणि गजाननबुवा ह्या दोघांचीही तालीम लाभली. एकाच लोहमार्गावरच्या दोन गावांत दोन गुरू, आणि त्या दोघांची विद्या एका शिष्याच्या ठायी एकवटलेली, असा दुर्मिळ योग ह्या ठाणे जिल्ह्यात घडून आला.

आणि ह्या योगाचे फळ पिकले कोठे? १९९३ साली कशाळकर कलकत्त्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून गेले. ही संस्था एका व्यापारी कंपनीने १९७७ साली काढली. तेथे गुरूस मानधन आहे, राहावयास घर आहे. निवडक शिष्यांस विद्यावेतन आहे. आणि गुरुशिष्य एकाच आवारात राहून सकाळ संध्याकाळ रियाज करतात. राजदरबार गेले तेव्हा संगीताचे आता कसे होणार म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या सुस्कारे टाकीत आलो. तिकडे कोणीतरी शांतपणे हिशेब करून गुरूची सोय लावून दिली. कलकत्त्याचा आम्हांस हेवा वाटत नाही, उलट त्या शहराचे आम्ही अभिनंदन करतो. परंतु ठाण्यास आणि डोंबिवलीस मिळालेली विद्या शिकण्यासाठी ठाण्याच्या मुलाने हुगळीच्या काठी जावे, आणि ठाण्याने मात्र गुरूच्या नावाचे फलक रंगवावेत, ही वाटणी आम्हांस मुळीच मान्य नाही.

ह्यावर जे आक्षेप घेतले जातील त्यांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप असा की गुरुशिष्यपरंपरा ही घरोब्याची गोष्ट आहे. तिला पगार, हजेरी आणि कचेरी लावली की तिचा प्राण जातो. हा आक्षेप ऐकावयास मोठा भाविक वाटतो, परंतु तो इतिहासास धरून नाही. भास्करबुवा पगारी शिक्षक होते आणि संस्थेचे संस्थापकही होते. म्हणून त्यांच्या शिष्यांची विद्या काही उणी पडली नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले ते लोकांच्या वर्गणीवर, आणि १९०८ साली ते मुंबईस आणले. पुढे त्या विद्यालयाची मुंबईतील इमारत कर्जापायी लिलावात गेली. संगीतशिक्षणाचे एवढे मोठे मंदिर ज्या समाजाच्या डोळ्यांदेखत विकले जाते त्या समाजाने घरोब्याच्या गोष्टी सांगू नयेत. गुरूने निष्कांचन राहावे म्हणजे विद्या पवित्र राहते, असे म्हणणारा मनुष्य स्वतःच्या मुलास कधी त्या वाटेने पाठवीत नाही, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

दुसरा आक्षेप असा की संगीताच्या परीक्षा गावोगाव होत आहेत, हजारो मुले बसत आहेत, मग शिक्षण नाही असे कसे म्हणता? पलुस्करांच्या पश्चात त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि संगीत सामान्य घरांच्या उंबऱ्याच्या आत आणले, ह्याचे श्रेय आम्ही मनःपूर्वक देतो. परंतु आपण त्या परीक्षांचे काय करून ठेविले आहे ते पाहा. शास्त्रीय कलांच्या प्रमाणपत्रांवर दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण मिळू लागले, तेव्हापासून कित्येक घरांत गाण्याचा वर्ग आणि गणिताची शिकवणी ह्यांत फरक उरला नाही. प्रवेशिका झाली, मध्यमा झाली, गुण पदरात पडले, आणि तंबोरा माळ्यावर गेला. परीक्षकापुढे सहा राग म्हणून दाखविणारी मुलगी पुढच्या वर्षी त्यांतला एकही राग स्वतःच्या आनंदासाठी म्हणत नसेल, तर तो दोष मंडळाचा नव्हे. तो तिच्या आईबापांचा आहे. शिक्षकाकडे जाऊन ‘परीक्षेपुरते बसवून द्या’ असे सांगणारे आपणच, आणि हल्ली पूर्वीसारखे गवई होत नाहीत म्हणून दिवाणखान्यात हळहळणारेही आपणच.

तिसरा आक्षेप ध्वनिमुद्रणांचा. राम मराठे ह्यांचे गाणे मुद्रित आहे, ज्यास शिकावयाचे त्याने ते ऐकून शिकावे, आता गुरूची गरज ती काय? ध्वनिमुद्रण ही मोठी कृपा आहे. ती भास्करबुवांच्या वाट्यास आली असती तर आज आपण किती श्रीमंत असतो! परंतु मुद्रण आपल्याला झालेले गाणे ऐकविते, ते होत असतानाची तालीम ऐकवीत नाही. तान कोठे चुकली ते ते सांगत नाही. ‘हा स्वर एवढा ताणू नको, येथे थांब, पुन्हा म्हण’ असे ते कधी म्हणत नाही. राम मराठे ह्यांची लयकारी ऐकून थक्क होणारे लाखो सापडतील. परंतु हातावर ताल धरून ती लय एका विद्यार्थ्याच्या अंगी मुरविणे हे काम माणसावाचून होत नाही. पुस्तके मुबलक असूनही आपण शाळा बंद केल्या नाहीत, मग मुद्रणे मुबलक झाली म्हणून गुरू का बंद करावा?

चौथा आक्षेप सर्वांत व्यवहारी. नगरपित्यांपुढे पाण्याचे, रस्त्यांचे, रुग्णालयांचे प्रश्न आहेत. त्यात गाण्याच्या शिक्षकाचे काय घेऊन बसलात? ह्याचे उत्तर सोपे आहे. गाण्यावर खर्च करावा की करू नये हा वाद आम्ही काढलेलाच नाही. समारोहावर खर्च होतच आहे आणि तो व्हावा. आमचे म्हणणे एवढेच की त्या खर्चाचा एक भाग मंचावरून काढून शिकवणीच्या सतरंजीवर ठेवावा. शिवाय कायदाही ह्या बाबतीत मुका नाही. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या आणि शंभराहून अधिक मुलांच्या शाळेत कलाशिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक असावा असे म्हटलेच आहे. कला म्हणजे केवळ चित्रकला असे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. तो अर्थ शाळांनी आपल्या सोयीसाठी काढला आहे.

ह्या प्रश्नाकडे दुसऱ्या एका देशाने कसे पाहिले ते सांगण्याजोगे आहे. बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचे राष्ट्र आहे. त्याची सारी लोकसंख्या चौदा लाखांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या ठाणे शहराहूनही कमी. त्या देशात हाइनो एलर (१८८७ ते १९७०) नावाचे संगीतकार होऊन गेले. १९२० पासून वीस वर्षे त्यांनी टार्टू गावी शिकविले, आणि त्यानंतर मरेपर्यंत राजधानी टॅलिनच्या संगीत विद्यालयात. एडुआर्ड टुबिन हे त्यांचे शिष्य. आणि आज जगभर ज्यांच्या रचना वाजविल्या जातात ते आर्वो पेर्ट हेही त्यांचेच शिष्य. पेर्ट टॅलिनच्या विद्यालयातून शिकून बाहेर पडले ते १९६३ साली, म्हणजे इकडे ‘मंदारमाला’ रंगभूमीवर आले त्याच वर्षी. एलर ह्यांच्या रचना स्वरलिपीत सुखरूप होत्या. शिक्षक म्हणून त्यांची आठवण ठेवली नसती तरी संगीतकार म्हणून ते बुडाले नसते. तरीही त्यांच्या पश्चात त्यांचे नाव दिले गेले ते टार्टूच्या संगीतशाळेस. ती शाळा चालू आहे आणि तेथे मुले शिकत आहेत. आपण संगीतशिक्षकाचे नाव समारोहास दिले, त्यांनी शाळेस दिले. दोन समाजांच्या दृष्टीतील सारे अंतर ह्या एका गोष्टीत सामावले आहे.

त्या छोट्या राष्ट्रात १८६९ साली टार्टू येथे पहिला गीतमहोत्सव भरला आणि ती प्रथा आजतागायत चालू आहे. दर पाच वर्षांनी तेथे वीस हजारांहून अधिक लोक एकाच मंचावर उभे राहून एका सुरात गातात. एवढे गाणारे काही आकाशातून पडत नाहीत. गावोगावचे संगीतशिक्षक त्यांस वर्षानुवर्षे घडवितात. गुस्ताव एर्नेसाक्स हे असेच एक संगीतकार आणि गायकवृंदांचे शिक्षक. रशियाच्या अमलात त्यांनी चाल लावलेले एक देशभक्तिपर गीत महोत्सवातून वगळण्यात आले. १९६० साली लोकांनी ते आपण होऊन गाइले, आणि १९९१ साली देश पुन्हा स्वतंत्र झाला तो लढा जगात ‘गाती क्रांती’ ह्या नावाने ओळखला जातो. त्या महोत्सवातही रोषणाई असते, गर्दी असते, भाषणे असतात. परंतु गर्दी गाते. आपल्या महोत्सवात गर्दी बसून ऐकते, आणि टेंभी नाक्यासारख्या चौकात ती उभी राहून ऐकते. स्वतःचे तोंड ती उघडीत नाही, कारण तिला कोणी शिकविलेले नाही.

आता केवळ दोष दाखवून थांबणे योग्य नव्हे. करावयाचे काय ते आम्ही तीन गोष्टींत सांगतो. पहिली अशी की राम मराठे ह्यांच्या नावाने ठाण्यात एक पगारी गुरुपद निर्माण करावे. त्या पदावर नेमलेल्या गायकाने मैफली गाव्यात की न गाव्यात हे त्याच्या मर्जीवर सोडावे. मात्र पाचसहा शिष्यांस पाच वर्षे तालीम देणे हे त्याचे काम असावे, आणि शिष्यांची निवड फीच्या ऐपतीवर न होता गळ्यावर व्हावी. दुसरी गोष्ट अशी की ‘मंदारमाला’, ‘मेघमल्हार’ आणि त्यांच्या आधीच्या नाटकांतील चाली ज्यांनी प्रत्यक्ष तालमीत ऐकल्या, असे वृद्ध कलावंत व साथीदार हयात आहेत तोवर त्यांच्याकडून त्या चाली शिकून घेण्याची व्यवस्था करावी. केवळ मुलाखती घेऊन ठेवू नयेत, तरुण गायकास त्यांच्यापुढे बसवावे. तिसरी गोष्ट अशी की समारोहाचा पहिला प्रहर विद्यार्थ्यांचा असावा, आणि त्यास निमंत्रित कलावंताच्या गाण्याइतकाच मान असावा. ह्यांपैकी एकही गोष्ट अशक्य कोटीतली नाही. ठाण्याच्या नागरिकांनी १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले तेव्हा त्यांच्यापाशी आजच्या मानाने पैसा काहीच नव्हता. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांचे सहकारी ह्यांना एवढे मात्र उमगले होते की ग्रंथांवर नुसते प्रेम असून भागत नाही, त्यांस घर लागते. विद्येसही घर लागते, आणि गाण्याच्या विद्येचे घर म्हणजे शिकविणारा माणूस.

राहता राहिले आपण, म्हणजे सुशिक्षित गृहस्थाश्रमी लोक. महापालिकेकडे बोट दाखविणे सोयीचे असते, म्हणून आपल्या वाट्याची जबाबदारीही सांगून टाकतो. जो गृहस्थ नाटकाच्या तिकिटास, उपाहारगृहास आणि मुलाच्या गणिताच्या वर्गास हसतमुखाने पैसे मोजतो, तोच गाण्याच्या शिक्षकापुढे दहावीस रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि महिन्यातील दोन तास बुडाले तर तेवढे पैसे कापून देतो. मुलगा नववीत गेला की सर्वांत आधी बंद होतो तो गाण्याचा वर्ग. पाहुणे आले की मात्र त्याच मुलास ‘एक पद म्हणून दाखव’ अशी आज्ञा होते. विद्या विकत घ्यावयाची नाही, जोपासावयाची नाही, आणि तिचा मिरवण्यापुरता उपयोग तेवढा करून घ्यावयाचा, हा व्यवहार ज्या घरांत चालतो त्या घरांनी नगरपालांस दोष देण्याचा अधिकार आधी कमवावा. मुलीचा तंबोरा माळ्यावरून खाली काढणे हे कोणत्याही सभागृहात ठराव मांडण्यापेक्षा सोपे आहे.

पुढच्या वेळी राम मराठे ह्यांच्या नावाचा समारोह भरेल तेव्हा वर्तमानपत्रांत नेहमीप्रमाणे छापून येईल की रसिकांनी सभागृह तुडुंब भरले होते. ते खरेही असेल. परंतु ज्याने मास्तर कृष्णरावांपुढे, मिराशीबुवांपुढे आणि जगन्नाथबुवांपुढे बसण्यात आपले तारुण्य घालविले, त्या माणसाच्या स्मरणाचा हिशेब तिकिटांच्या संख्येवरून मांडता येत नाही. समारोहाच्या व्यवस्थापकांस ठाणेकरांनी एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत दरवर्षी विचारीत राहावे, की ह्या नावाखाली ह्या वर्षी किती मुले शिकावयास बसली?